सीएसआर समित्यांना खुले पत्र: ‘उपयोग झाला नाही’ हे उत्तर तुम्हाला चालेल का?

महाराष्ट्रातल्या कंपन्यांच्या सीएसआर समित्यांमधील सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

कंपनीने समाजकामासाठी द्यायचा पैसा, म्हणजे सीएसआर, कुठे जायचा हे तुम्ही ठरवता. तुमची-माझी गाठ पडते ती बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये. वर्षअखेर जवळ आलेली असते, अनुदानाचा शेवटचा हप्ता अडकलेला असतो आणि संस्थेची मंडळी सादरीकरण घेऊन तुमच्या कॉन्फरन्स रूममध्ये बसलेली असतात. त्यांच्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेली बाई म्हणजे मी. आरोग्य प्रकल्पांची मोजणी करणं हे माझं काम. प्रश्नावली तयार करायची, सर्वेक्षणाला जाणाऱ्या मुलींना शिकवायचं, गावात फॉर्म नीट भरले जातात का ते बघायचं आणि शेवटी आलेले आकडे तुमच्यापुढे मांडायचे. त्या खोलीत वीस मिनिटांत जे बोलता येत नाही, ते इथे लिहिते आहे.

इतकी वर्षं या कामात आहे, पण आरोग्य जनजागृतीचा एखादा कार्यक्रम फसला असं सांगणारा सीएसआर अहवाल माझ्या पाहण्यात नाही. हात धुण्याची मोहीम यशस्वी, किशोरींचा अॅनिमिया कमी करण्याचा प्रकल्प यशस्वी, तंबाखूमुक्त शाळा यशस्वी, स्तनपान सप्ताह तर यशस्वीच. इकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधलं अॅनिमियाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं आणि २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झालं. याचा ठपका तुमच्या प्रकल्पांवर ठेवायचा नाही. हा आकडा उतरला असता तर त्याचं श्रेयही तुम्हाला घेता आलं नसतं. पण यशाचे इतके अहवाल एकीकडे आणि राज्याचं चित्र दुसरीकडे, हे पाहिल्यावर निदान यश कसं मोजलं जातं एवढं तरी बघायला हवं.

सुरुवात कॅलेंडरपासून करू. तुमचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. मंजुरी, करार, पहिला हप्ता यात जून उजाडतो. मग सर्वेक्षक नेमायचे, त्यांना शिकवायचं. प्रत्यक्ष बेसलाइन, म्हणजे कार्यक्रमाआधीची मोजणी, होते ती जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, विहिरींना गढूळ पाणी असताना आणि घरोघरी पोरांना जुलाब लागलेले असताना. एंडलाइन, म्हणजे नंतरची मोजणी, मात्र मार्चअखेरच्या आत उरकायची असते, म्हणून ती फेब्रुवारीत. ‘गेल्या दोन आठवड्यांत मुलाला जुलाब झाले होते का?’ हा प्रश्न ऑगस्टमध्ये विचारला आणि फेब्रुवारीत पुन्हा विचारला, तर मध्ये कोणी काहीही केलं नाही तरी आकडा खाली येणारच. तो ऋतूने खाली आणला, आणि अहवालात तो साबणाच्या नावावर जमा झाला.

बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या काही तालुक्यांत याहून मोठी गफलत होते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि त्या परततात ते पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर. बेसलाइनच्या वेळी ही घरं गावात असतात, एंडलाइनच्या वेळी दाराला कुलूप. सर्वेक्षक मुलगी ‘घर बंद’ अशी नोंद करते आणि पुढच्या दाराशी जाते. मागे राहिलेली घरं कोणती? ज्यांच्याकडे बागायती जमीन आहे, कोणाची नोकरी आहे, नाहीतर नातवंडांना सांभाळणारी म्हातारी माणसं. त्यांच्या घरच्या गरोदर बाईची तपासणी झालेली असते, मुलाच्या लसी पूर्ण असतात. गावातली सर्वांत गरीब घरं मोजणीतून गळली म्हणून गावाचं आरोग्य सुधारल्यासारखं दिसतं. अशा अहवालात कोणी खोटं लिहिलेलं नसतं. प्रत्येक फॉर्म खरा असतो, प्रत्येक बेरीज बरोबर असते आणि निष्कर्ष चुकलेला असतो.

तिसरी गोष्ट गावांच्या निवडीची. कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, त्यामुळे तुमची गावं बहुतेक वेळा प्लँटच्या जवळची असतात. तिथे रस्ता असतो, एसटी येते, चार घरांत कंत्राटी का होईना पगार येतो. अहवालात या गावांची तुलना होते जिल्ह्याच्या सरासरीशी, आणि त्या सरासरीत डोंगरातले पाडेही आले. एवढी तुलना करूनही आपली गावं सरस निघाली नसती तर मला नवल वाटलं असतं.

रक्तदाब तपासणी शिबिरांबद्दल थोडक्यात. पहिल्या शिबिरात ज्यांचं बीपी जास्त निघालं त्यांनाच दुसऱ्यांदा बोलावलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांचं बीपी आपोआप उतरलेलं असतं. धावतपळत येऊन रांगेत उभं राहिल्यामुळे त्या दिवशी ते चढलेलं होतं. टोकाचा आकडा दुसऱ्या खेपेला मधल्या बाजूला सरकतो, हे जगभरचं गणित आहे. आणि शाळेत व्याख्यान झाल्यावर लगेच घेतलेल्या ‘पोस्ट-टेस्ट’बद्दल मी काही बोलत नाही. पाचवीच्या मुलांना अर्ध्या तासापूर्वी सांगितलेलं आठवलं, एवढंच त्यातून कळतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही लोकांनाच विचारतो की. त्यांनीच सांगितलं की ते जेवणाआधी साबणाने हात धुतात. लोक असं सांगतात खरं. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून माणूस सांगतो, आणि फॉर्म घेऊन आलेली मुलगी त्याच्या लेखी पाहुणीच. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात १४ गावांत ‘सुपरअम्मा’ नावाच्या मोहिमेची चाचणी झाली. संशोधकांनी कोणाला हात धुण्याबद्दल विचारलं नाही. निरीक्षक घरात बसून, शौचाहून आल्यावर किंवा स्वयंपाक-जेवणाआधी माणसं काय करतात ते पाहत होते. मोहिमेआधी साबणाने हात धुण्याचं प्रमाण निघालं अवघं एक-दोन टक्के. मोहिमेत जंतूंवर व्याख्यानं नव्हती; आईची माया, किळस, चारचौघांत शोभेल असं वागणं या भावनांना हात घातला होता. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत हे प्रमाण ३७ टक्के झालं आणि तुलनेच्या गावांत ६ टक्के. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माझ्या मते हे उत्तम यश आहे. पण ३७ टक्के हा आकडा तुमच्यापुढे ठेवायची माझी हिंमत होणार नाही, कारण त्याच दिवशी दुसरी संस्था लोकांना नुसतं विचारून काढलेले ९० टक्के घेऊन आलेली असते. प्रामाणिकपणे मोजणारी संस्था तुमच्या टेबलावर नेहमी हरते ती अशी.

आधी आणि नंतर एवढंच मोजून काम भागत नाही, हे सरकारी आकड्यांतूनही दिसतं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये २६.६ वर आलं. बंदीचा विजय? त्याच काळात अख्ख्या देशाचा आकडा ३४.६ वरून २८.६ वर आला, म्हणजे आपल्यापेक्षा किंचित जास्तच उतरला. यावरून बंदी निरुपयोगी होती असंही म्हणता येत नाही, कारण तोवर बहुतेक राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली होती आणि पाकिटांवरची चित्रंही मोठी झाली होती. आपला एकट्याचा उतरता आकडा पाहून टाळ्या वाजवण्याआधी शेजारी काय झालं ते बघावं, एवढाच माझा मुद्दा.

हे आपल्याकडे कोणी केलंच नाही असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला, तेव्हा १९९३ ते ९५ अशी दोन वर्षं आधी नुसती नोंद ठेवली. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया बाळांना घरी जाऊन तपासणार होत्या, आयांना शिकवणार होत्या; ४७ गावांत नेहमीच्याच सेवा राहणार होत्या, पण जन्म-मृत्यूंची नोंद दोन्हीकडे. सुरुवातीला हजार जन्मांमागे नवजात मृत्यू एकीकडे ६२ आणि दुसरीकडे ५८, म्हणजे जवळपास सारखेच. कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी ३९ गावांत हा आकडा २५.५ वर आला. ४७ गावांत तो ५९.६, जवळजवळ जागच्या जागी. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, त्यावर आक्षेप घेता येतो. तरीही ती ४७ गावं मोजली नसती तर ३९ गावांतली घट कशामुळे झाली यावर आजवर वाद चालला असता. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्यामागे त्या ४७ गावांतल्या नोंदवह्याही आहेत. मला विचाराल तर या राज्यातला आरोग्यावरचा सर्वांत सार्थकी लागलेला खर्च त्या वह्यांवरचा आहे. आणि तसल्याच वह्यांचा खर्च मी प्रपोजलमध्ये लिहिते, तेव्हा ‘या गावांत लाभार्थी किती?’ असा शेरा मारून तो कापला जातो.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे, म्हणून ते सांगायलाच हवं. झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागात ‘एकजूट’ संस्थेने बायकांचे गट बांधले. महिन्याला बैठक, चित्रं, गोष्टी. बाळंतपणात काय अडतं ते बायकांनीच शोधायचं आणि त्यावर तोडगाही त्यांनीच काढायचा. २००५ ते २००८ या तीन वर्षांत गटांच्या भागात नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी निघाले. साधारण त्याच काळात मुंबईत ‘स्नेहा’ संस्थेने झोपडपट्ट्यांमधल्या ४८ विभागांत याच धर्तीचं काम केलं, २४ विभागांत गट आणि २४ विभाग तुलनेसाठी. तीन वर्षं गट नेटाने चालले. बाळंतपणाच्या सेवांचा वापर, बाळाची काळजी, बाळांचे मृत्यू, कशातही सुधारणा दाखवता आली नाही. ‘स्नेहा’ने आणि तिच्या सहकारी संशोधकांनी २०१२ मध्ये ते जसंच्या तसं प्रसिद्ध केलं.

का बरं झालं असेल असं? मुंबईत त्या वेळीही बहुतेक बाळंतपणं दवाखान्यातच होत होती. गटाने बदलायची ती गोष्ट आधीच बदललेली होती. वस्तीत माणसं येतात-जातात, भाड्याची खोली सुटते, पहिल्या बाळंतपणाला सून गावी जाते. पाड्यावर बैठक म्हणजे सगळी वस्ती. धारावी-गोवंडीसारख्या ठिकाणी बैठक म्हणजे एका गल्लीतल्या दहा बायका. पुढे अशा सात चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. गरोदर बायकांपैकी किमान ३० टक्के जिथे गटात आल्या, तिथे नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले. म्हणजे तुमच्या तिमाही फॉर्मवर ‘बैठकांची संख्या’ हा रकाना असतो, त्याऐवजी ‘या भागातल्या एकूण गरोदर बायका किती आणि त्यातल्या किती आल्या’ असा रकाना हवा. आणि ‘झारखंडमध्ये हे सिद्ध झालंय’ असं सांगत कोणी ते भिवंडीत करायला पैसे मागितले, तर तिथल्या बायकांचं नेमकं काय अडतंय हे आधी विचारा.

मुंबईचा तो निकाल मी जपून ठेवला आहे. तोट्याची बातमी म्हणून त्याच्याकडे पाहू नका. त्याच्यामुळे शहरी वस्त्यांत काम करणाऱ्या कितीतरी जणांचा पैसा आणि कष्ट दुसरीकडे वळवता येतात. पण विचार करा, तेच काम तुमच्या अनुदानावर झालं असतं आणि संस्थेने मार्चमध्ये तुमच्यापुढे येऊन ‘फरक पडला नाही’ असं सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी तुम्ही करार केला असता का?

मला याचं उत्तर माहीत आहे. एका कंपनीसाठी केलेल्या किशोरींच्या प्रकल्पात दोन्हीकडच्या गावांत हिमोग्लोबिन सारखंच वाढलं होतं. त्या वर्षी सरकारी गोळ्यांचा पुरवठा सगळीकडेच सुधारला होता, हे कारणही आम्ही लिहिलं. आम्हाला सांगण्यात आलं की तुलनेच्या गावांचा तक्ता परिशिष्टात टाका आणि पहिल्या पानावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढंच ठेवा. सांगणारा माणूस वाईट नव्हता. त्यालाही वरच्या मजल्यावर उत्तर द्यायचं होतं. संस्थेने तक्ता हलवला, कारण बारा कार्यकर्त्यांचे पगार त्या करारावर होते. मी संस्थेच्या जागी असते तर काय केलं असतं, ते छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, परिणाम-मूल्यमापन तर आता कायद्यानेच सक्तीचं आहे. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनुसार ज्या कंपन्यांचं सीएसआर दायित्व मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी १ कोटी आणि त्यापुढच्या प्रकल्पांचं मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचं. पण नियम काय म्हणतो पाहा: प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष उलटल्यावर. परिणाम टिकला का ते बघायला हे ठीक आहे. प्रत्यक्षात मात्र मूल्यमापन करणारा गावात पहिल्यांदा पाऊल ठेवतो तेव्हा बेसलाइन कुठल्यातरी बदललेल्या लॅपटॉपमध्ये गेलेली असते, तुलनेचं गाव कधी ठरलेलंच नसतं आणि कार्यकर्ते दुसऱ्या प्रकल्पावर गेलेले असतात. मग उरतं काय? लाभार्थ्यांना विचारायचं, ‘तुम्हाला फायदा झाला का?’ ते हो म्हणतात. पैशाची अडचण आहे म्हणावं तर तीही नाही. २०२२ मध्ये नियम बदलून या कामासाठी सीएसआर खर्चाच्या दोन टक्के किंवा ५० लाख, यातली जास्त असेल तेवढी रक्कम धरायची मुभा दिली आहे. ही रक्कम शेवटी खर्च करण्यापेक्षा सुरुवातीला केली तर तिचं चीज होईल.

तुलना करायची म्हणजे काही गावांना उपाशी ठेवायचं, हा आक्षेप मी तुमच्याच बैठकीत ऐकला आहे. पण पैसे सगळ्या गावांना पुरतील इतके कधीच नसतात. ४० गावं धरली तरी पहिल्या वर्षी २० आणि दुसऱ्या वर्षी २० असंच होतं. पहिली वीस कोणती हे आज कोण ठरवतं? ज्या सरपंचाची ओळख आहे तो, किंवा ज्या गावात गाडी थेट जाते ते. त्याऐवजी पंचायत समितीच्या कार्यालयात सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. थांबलेली वीस गावं वर्षभर तुलनेची गावं होतील आणि दुसऱ्या वर्षी त्यांनाही कार्यक्रम मिळेल. कोणावर अन्याय नाही, वशिल्याची कटकट नाही.

आणि दोन-चार लाखांच्या अनुदानावर चालणाऱ्या छोट्या संस्थेकडे कृपा करून असल्या चाचणीचा हट्ट धरू नका. ज्या गोष्टीचा उपयोग आधीच सिद्ध आहे ती नीट पोचली का, एवढंच त्यांना विचारा. आश्रमशाळेत लोहाच्या गोळ्या वाटल्या किती हे नको. मुलींनी समोर गिळल्या किती, आणि मळमळ झाल्यावर किती जणींनी सोडल्या, हे विचारा. एवढं प्रामाणिकपणे लिहून आणणारी संस्था दिसली तर तिला धरून ठेवा.

मोठ्या प्रकल्पांच्या करारात मात्र एक कलम घाला: निकाल काहीही आला तरी पुढच्या टप्प्याचा निर्णय काम ठरल्याप्रमाणे झालं का आणि मोजणी प्रामाणिक होती का यावर होईल. ‘फरक पडला नाही’ असं निघालं तर तोच पैसा त्याच संस्थेला कार्यक्रम बदलून पुन्हा मिळेल. हे कागदावर आलं तर तक्ते परिशिष्टात जाणार नाहीत. मोजणारी माणसं आणि कार्यक्रम चालवणारी माणसं वेगळी ठेवा. स्वतः शिकवलेल्या बाईला ‘शिकलीस का?’ असं विचारणाऱ्या कार्यकर्तीकडून आपण फार अपेक्षा ठेवतो.

राहिला मार्चअखेरचा प्रश्न. जुलैची बेसलाइन असेल तर एंडलाइनही जुलैतच हवी, नाहीतर या पत्रात वर लिहिलेलं सगळं पुन्हा घडेल. पैसे ३१ मार्चला संपवायचे असतात, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. ते पूर्ण खरं नाही. प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवता येतो, आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर तीस दिवसांत त्यासाठीच्या वेगळ्या खात्यात ठेवता येते. तुमच्या कंपनी सेक्रेटरींना हे पाठ असतं. एप्रिलच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो एक ठराव घाला. ऊसतोडीला गेलेल्या घरांची कुलपं उघडल्यावर आम्ही त्यांच्याकडे जाऊन येऊ.

आपली नम्र,
आरोग्य प्रकल्पांची मोजणी करणारी एक कार्यकर्ती